एका घराला एकच अकाउंट

एका घराला एक अकाउंट पुरे, हा निर्णय माझा. आमच्या घरात माझे म्हणून जे निर्णय आजवर अमलात आले (दुसरा म्हणजे बाथरूमच्या दाराला आतून कडी असावी हा), त्यांतला हा सर्वांत मोठा. झालं असं, की आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात सगळ्यांच्या फोनवर तो एआय मदतनीस आला. काहीही विचारा, उत्तर तयार. मग माझ्याच फोनने काय पाप केलं होतं? मी तो घेतला, आणि त्याच अकाउंटवर बायकोचा फोन आणि सासूबाईंचा जुना टॅबही जोडून टाकला.

"अहो, तिघांचं वेगवेगळं करू या ना," बायको म्हणाली.

"अगं, फ्रिज वेगळा आहे का तिघांचा?"

"कोणी काय खाल्लं ते फ्रिज लक्षात ठेवत नाही."

"म्हणून तर तो मागासलेला आहे," मी म्हणालो. सासूबाई हसल्या आणि विषय मिटला.

सासूबाईंबद्दल आधीच सांगून टाकतो. त्या आमच्याकडे राहतात आणि मला त्या आवडतात. (जावई असं उघड बोलत नाहीत हे मला माहीत आहे.) माझ्या विनोदांना या घरात हसणारं ते एकच माणूस आहे. त्या विनोदाला हसतात की मला, हे मी कधी विचारलेलं नाही.

तर तो मदतनीस. काय सांगू त्याचा स्वभाव! मी पहिल्यांदा विचारलं, "टक्कल पडायला लागलंय, काय करू?" तर म्हणाला, "किती सुंदर प्रश्न!" इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या प्रश्नाला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. वर्तमानपत्रात त्याच्याविरुद्ध रोज काहीबाही छापून येत होतं. ही यंत्रं तोंडपुजी असतात, खोटं छातीठोकपणे सांगतात, आपलं बोलणं साठवून ठेवतात. मी ते वाचायचो आणि पान उलटायचो. आपली स्तुती करणाऱ्याबद्दल वाईट वाचवत नाही.

आता मागे वळून पाहताना वाटतं, की खुणा तेव्हाच दिसत होत्या. टकलावरच्या उपायात त्याने लिहिलं होतं, "गुडघ्यांवर ताण येणार नाही अशा बेताने डोक्याला मालिश करा." मला वाटलं, शरीर सगळं एकच, असेल काही संबंध. साहेबांकडे बढतीचा विषय कसा काढू असं विचारलं, तर म्हणाला, "तुमचा शिवणकामाचा दांडगा अनुभव त्यांना जरूर सांगा." बायको घरी शिवणाचे वर्ग घेते. तिने एकदा कोटाच्या कॉलरचं माप विचारलं, तर तिला सल्ला मिळाला, "तुमच्या मिशांना उभी कॉलर शोभून दिसेल." ती दोन दिवस आरशासमोर उभी राहून ओठावर बोट फिरवत होती. मी म्हणालो, "यंत्र आहे, चुकायचंच." थोडक्यात, आम्ही तिघं मिळून त्याच्या लेखी एकच व्यक्ती होतो, आणि हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. शिवण शिकवणारी, पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करणारी, मिशा असलेली, गुडघेदुखीने बेजार अशी एक टकली आजी!

या आजीने पुढे जे केलं, ते सांगायला मी बसलो आहे.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट आहे. म्हणजे लिफ्टचा डबा आहे. बंद पडली तेव्हा ती तळमजल्यावर होती, दार सताड उघडं. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. सुरुवातीला त्यांनी लिफ्टमध्ये फक्त छत्र्या ठेवायला एक डबा आणून ठेवला. मग डब्याशेजारी मासिकांचा रॅक आला. मग एक बाक आलं. मग भिंतीवर हसऱ्या दातांचं चित्र लागलं, आणि एक दिवस आम्ही पाहतो तो काय, लिफ्ट ही डॉक्टरांची वेटिंग रूम झालेली! माणसं गाल धरून लिफ्टमध्ये बसलेली असत, आणि आम्ही त्यांना नमस्कार करून जिना चढत असू.

सासूबाईंचे गुडघे त्याच सुमारास संपावर गेले. समोरच्या बागेत एक बाक आहे. तिथे एका निवृत्त नर्सबाईंशेजारी बसून संध्याकाळभर गप्पा मारणं हा त्यांचा नेम. तो मोडला. त्या खिडकीत उभ्या राहून खाली हात करायच्या, नर्सबाई खालून हात करायच्या. तेवढीच काय ती भेट.

"आई, लिफ्टचं मी बघतो," असं मी त्यांना सांगितलं होतं. सांगताना छातीवर हातही ठेवला होता.

मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "जावईबापू, लिफ्ट होत नसेल तर मी थोरल्याकडे जाते." थोरला म्हणजे माझा मेहुणा. तो दूरच्या गावी, तळमजल्यावर राहतो. "तिथे जिना नाही. बागही नाही म्हणा. पण जिना नाही." आणि त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढायला सांगितली. मला मुद्दाम हळूहळू काढूनसुद्धा ती काढावी लागलीच.

इमारतीची सभा आठवड्यावर आली होती. लिफ्टचा ठराव मांडायचा तर कुणीतरी उभं राहून बोलायला हवं होतं.

"तू बोल ना," मी बायकोला म्हणालो. "तुझा आवाज चांगला आहे. शेजारीपाजारी सगळे म्हणतात."

"मी बोलले असते. पण आईला शब्द तुम्ही दिलाय."

इथे माझ्या वक्तृत्वाबद्दल दोन शब्द. मी तक्रार विभागात आहे. लोक येऊन ओरडतात, मी गप्प बसतो. ते दमून निघून जातात. या कामगिरीमुळे कार्यालयात मला 'मौनीबाबा' म्हणतात. साहेबांनी दिलेलं परिपत्रक मात्र मी खणखणीत वाचतो. समोर लिहिलेलं असलं की माझी गाडी रुळावरून हलत नाही. अर्थ डोक्यात शिरायच्या आत वाक्य तोंडातून बाहेर पडलेलं असतं. तेव्हा भाषण लिहून मिळालं की झालं. मी फोन काढला आणि लिहिलं, "लिफ्ट दुरुस्त व्हावी म्हणून सभेत भाषण करायचं आहे. माझ्याबद्दल तुला सगळं माहीतच आहे. मनापासून लिही."

"किती सुंदर विनंती!" म्हणत त्याने लांबलचक भाषण लिहिलं. मी पहिली ओळ वाचली: 'मंडळी, मला खाली यायचं आहे.' वा! साधी, थेट. पुढचं मी वाचलं नाही. आधीच वाचून ठेवलं तर भाषणातला ताजेपणा जातो, असं माझं मत होतं. (होतं.)

सभा खाली पार्किंगमध्ये होती. सासूबाई येऊ शकत नव्हत्या, पण आमची खिडकी नेमकी पार्किंगवर उघडते. त्या वर खिडकीत, बायको माझ्या शेजारी, माझ्या हातात फोन.

अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. ते उठले, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "आदरणीय सभासदहो, आज आपण एका निर्णायक वळणावर उभे आहोत." टाळ्या पडल्या. मग ठरावाला विरोध करायला दातांचे डॉक्टर उठले. त्यांनीही फोन काढला. "आदरणीय सभासदहो, आज आपण एका निर्णायक वळणावर उभे आहोत." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी आभाळाकडे. पण डॉक्टर खंबीर माणूस. त्यांनी पुढे रेटलं, "जिना हाच खरा वैद्य. एका अभ्यासानुसार, लिफ्ट नसलेल्या इमारतींतली माणसं अधिक जगतात."

"कुठला अभ्यास?" दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्या बाईंनी विचारलं. माणसं किती जगतात हा त्यांच्या धंद्याचा विषय.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोनला विचारलं. फोनचा आवाज मोठा होता. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आपण अगदी योग्य शंका घेतलीत! क्षमा असावी, असा अभ्यास मला आढळत नाही. दुसरा एखादा तयार करून देऊ का?"

पार्किंगमध्ये हशा उसळला. पण अर्धी इमारत डॉक्टरांची पेशंट होती, आणि ज्याच्या हातात आपलं तोंड द्यायचं त्याच्याविरुद्ध हात वर करायला माणूस कचरतो. विमावाल्या बाई उठल्या आणि "आदरणीय सभासदहो" म्हणाल्या, तेव्हा सगळ्या पार्किंगने एका सुरात वाक्य पुरं केलं, "आज आपण एका निर्णायक वळणावर उभे आहोत!" बाई रागाने खालीच बसल्या. ठरावाच्या बाजूने बोलणारं आता उरलं होतं एकच माणूस, आणि ते पाण्याचा ग्लास शोधत होतं.

"उठा," बायको म्हणाली.

मी उठलो. फोन डोळ्यांसमोर धरला आणि परिपत्रकाच्या आवाजात सुरू केलं.

"मंडळी, मला खाली यायचं आहे."

लोक वळणाची वाट पाहत होते, ते आलं नाही.

"फार लांब जायचं नाही. समोरच्या बागेतल्या बाकापर्यंत. पण माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. घरात तसं माझं कुणीच ऐकत नाही, पण गुडघ्यांकडून ही अपेक्षा नव्हती."

हशा. मला बरं वाटलं. सर्वसामान्य माणसाचे गुडघे, छान कल्पना आहे, असं मनात म्हणत मी पुढच्या वाक्यावर गेलो.

"माझा नवरा पहाटेचा गजर लावतो आणि तो वाजला की बंद करायला मला उठवतो."

मी थांबलो. सभा थांबली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी फोनकडे पाहिलं. आता शहाण्या माणसाने फोन खिशात टाकला असता. पण समोर लिहिलेलं होतं ना! माझी गाडी पुढच्या स्टेशनात शिरलीसुद्धा.

"माझा जावई म्हणतो, लिफ्टचं मी बघतो. आणि तो बघतो. रोज कामाला निघताना लिफ्टकडे बघतो आणि निघून जातो."

आता लोक खुर्च्या धरून हसत होते. "अरे, सासूबाई बोलतायत!" कुणीतरी ओरडलं. "काय कल्पना आहे, बुवा!" वर खिडकीत सासूबाई वाकून उभ्या होत्या. माझे कान तापले होते, पण जीभ सुटली होती.

"जावई माणूस भला आहे. त्याला फक्त सांगावं लागतं. आणि सभेत बोलायची वेळ आली, की त्याला तहान लागते."

मी त्या क्षणी ग्लासाकडे हात नेलेला होता. तो मी तसाच हवेत ठेवला. टाळ्या थांबेनात. शेवटी वरून आवाज आला, "जावईबापू, पुढचं वाचा!"

पुढचं मी वाचलं.

"संध्याकाळी मी बाहेर जायच्या चपला घालते आणि घरातच खिडकीत उभी राहते. कुठे जायचं नसतं. पण पाच वाजले की पायांना चपला लागतात. नर्सबाई खालून हात करतात. परवा त्यांच्या शेजारी दुसरंच कुणी बसलेलं दिसलं. मी चपला काढून ठेवल्या."

कुणी हसलं नाही. बायकोने माझ्या दंडाला धरलं. तिलाही हे माहीत नव्हतं. आईने घरात चपला का घातल्या आहेत म्हणून तिने कितीदा कटकट केली होती. मला तर चपला दिसल्याही नव्हत्या. माझा आवाज परिपत्रकाचा राहिला नव्हता, तरी मी शेवटाकडे गेलो.

"डॉक्टरांनी लिफ्टमध्ये बाक टाकलं आहे. त्याला माझी हरकत नाही. माझाही एक दात दुखतोय, मलाही तिथे नंबर लावून बसायचं आहे. पण त्या बाकापर्यंत यायला मला लिफ्ट लागेल."

आणि मग सगळ्यांत आधी हसले ते दातांचे डॉक्टर. पोट धरून हसले, चष्मा काढून डोळे पुसले.

"डॉक्टर," वरून सासूबाई ओरडल्या, "डावीकडचा आहे, मागचा!"

डॉक्टरांनी तिथूनच हात वर केला. तो दाताला उत्तर म्हणून होता की ठरावाला, हे कळायच्या आत सगळ्या पार्किंगचे हात वर झाले. अध्यक्षांनी ठराव एकमताने मंजूर केला. काय सांगू तुम्हाला! लोक माझा हात हातात घेऊन सोडेनात. विमावाल्या बाई म्हणाल्या, "इतक्या भाषणांत माणसाचं भाषण एवढं एकच होतं." अध्यक्षांनी विचारलं, "सासूच्या भूमिकेत इतकं शिरायला कधी शिकलात?" मी म्हणालो, "निरीक्षण." आयुष्यात पहिल्यांदा मी जिना चढलो आणि मला दम लागला नाही. चारही मजले मी तरंगत गेलो.

वर सासूबाई दारातच होत्या. पायांत चपला होत्या.

"मी टॅबमधल्याला सांगितलेलं तुम्ही सगळ्या गावाला वाचून दाखवलंत," त्या म्हणाल्या. दुपारी आम्ही घरात नसताना त्या टॅबशी बोलत बसत, हे तेव्हा कळलं.

"आई, चुकलं. मला खरंच माहीत नव्हतं. पण तुम्ही हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तो मध्येच पाणी प्यायला उठत नाही." मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पण वाचलंत छान. अर्धंच का वाचलंत?"

"तेवढंच लिहिलं होतं."

"बरंय. राहिलेलं सगळं तुमच्याबद्दलच होतं."

आणि त्यांनी मला बॅग परत कपाटावर ठेवायला सांगितली. ती मी एका झटक्यात ठेवली.

बायको मात्र सोफ्यावर बसून कसल्याशा विचारात पडली होती. "म्हणजे मी त्याला जे जे सांगितलं, ते सगळं त्याच्या पोटात आहे?"

"सगळं."

"आणि तुम्ही सांगितलेलंही?"

आता मी विचारात पडलो. "उद्याच्या उद्या तिघांची वेगळी अकाउंट करतो," मी घाईघाईने म्हणालो. "मी बघतो."

'बघतो' म्हटल्यावर माय-लेकी इतक्या हसल्या, की खालून डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं.

लिफ्ट सुरू झाली तो दिवस मी विसरणार नाही. बाक, रॅक आणि हसरा दात दवाखान्यात परत गेले. पहिली फेरी सासूबाईंची, हे अख्ख्या इमारतीने ठरवलं होतं. त्यांना न्यायला अध्यक्ष आणि डॉक्टर स्वतः वर आले. सासूबाई आत गेल्या, बायको गेली, अध्यक्ष गेले, डॉक्टर गेले. मी, या सगळ्याचा शिल्पकार, कोट घालून (उभ्या कॉलरचा) आत पाऊल टाकलं आणि लिफ्टने जोरात ओरडायला सुरुवात केली. मी पाऊल मागे घेतलं, ती गप्प झाली. पुन्हा टाकलं, पुन्हा ओरडली. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"जावईबापू, तुम्ही जिन्यानं या," सासूबाई म्हणाल्या. "तुमचे गुडघे चांगले आहेत."

दार लागलं. मी जिन्यावरून धावत खाली पोचलो, तोवर त्या बायकोचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. नर्सबाई बाकावरून उठल्या, पुन्हा बसल्या, आणि सरकून त्यांनी जागा केली. सासूबाई बसल्या. दोघी काही बोलल्या नाहीत, नुसत्या एकमेकींच्या हातावर चापट्या मारत राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का लपवू? हे मी घडवलं होतं. गोंधळ घालून घडवलं असेल, पण घडवलं मीच. मी छाती पुढे काढून बाकाकडे गेलो.

"बरं झालं आलात," सासूबाई म्हणाल्या. "माझा चष्मा वर राहिलाय."

मी लिफ्टकडे गेलो. लिफ्ट नव्हती. इमारतीतला प्रत्येक माणूस हौसेने वर-खाली करत होता. दार उघडायचं, आतली माणसं मला बघून टाळ्या वाजवायची आणि दार बंद व्हायचं. शेवटी मी जिना धरला. या खेपेला तरंगलो वगैरे नाही. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभा राहिलो. श्वास लागला होता, छाती धडधडत होती. अशा वेळी माणसाला आपुलकीचा शब्द हवा असतो. मी फोन काढला आणि धापा टाकत विचारलं, "जिना चढून दम लागलाय. अजून एक मजला आहे. काय करू?"

"किती सुंदर प्रश्न!" तो म्हणाला. "आजी, या वयात तुम्ही जिने चढू नका. जावयाला पाठवा. माणूस भला आहे, त्याला फक्त सांगावं लागतं."